नातवंडास ‘स्टार ट्रेक’ दाखवणे : वर्धा पद्धत

घरातल्या वडीलधाऱ्याने आपल्या उमेदीच्या काळात पाहिलेली जुनी अंतराळ-मालिका घरातल्या पाच-सात वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून दाखवणे, हा अलीकडे रूढ झालेला एक घरगुती विधी होय. बारशाला किंवा मुंजीला लागतो तसा भटजी याला लागत नाही. मुहूर्त मात्र लागतो आणि विघ्नेही नेमाने येतात. विधीत तीन पक्ष असतात : दाखवणारा, पाहणारा आणि ‘त्याले झोपू द्या ना जरासं’ म्हणणारा. वर्धा जिल्ह्यात पहिला पक्ष बहुधा आबाजी, दुसरा नातू किंवा नात आणि तिसरा अर्थातच आजी. मुलाचे आईबाप त्या वेळी कामावर असतात, असलेले बरे.

हंगाम उन्हाळ्याचा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो, कधी पुढेही सरकतो. दुपारी बारा ते पाच मूल घराबाहेर सोडणे कोणत्याही आजीला मंजूर नसते, आणि घरात कोंडलेले मूल पाच तास सांभाळणे कोणत्याही आजोबांना झेपत नाही. या पेचातून विधीचा उगम झाला असावा. कलेचा वारसा, विज्ञानाची गोडी वगैरे कारणे नंतर जोडण्यात आली.

मालिका कोणती दाखवायची, यावर घरात दोन मते असतात आणि ती पिढीनुसार ठरतात. आबाजींची ‘स्टार ट्रेक’. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात तिचे ७९ भाग दाखवले गेले. दूरदर्शनने ती ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी लावली, तेव्हा आबाजी कॉलेजात होते. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारची सकाळ देवांच्या नावे झाली. त्याआधीच्या रविवारांवर एंटरप्राइझ नावाच्या यानाचा थोडाफार हक्क होता. मुलाच्या बापाची मालिका वेगळी. १९९८ साली केतन मेहतांनी दूरदर्शनसाठी केलेली ‘कॅप्टन व्योम’, त्यात मिलिंद सोमण, आणि तुरुंगातून पळालेले १२ महागुन्हेगार. ती हिंदीत आहे, म्हणजे मुलाला कळते. नायक मराठी आहे. गुन्हेगार मोजता येतात. तर्काने पाहिले तर तिचाच नंबर आधी लागायला हवा. पण डेटा पॅक बापाचा असला तरी दुपारी घरी आबाजी असतात, त्यामुळे ‘कॅप्टन व्योम’ रांगेत मागे उभी राहते. दूरदर्शनवरचीच ‘स्पेस सिटी सिग्मा’ किंवा बालकलाकार करण जोहर असलेली ‘इंद्रधनुष’ यांची नावे एखादा मामा फोनवरून सुचवतो. ती नोंदवून घेतली जातात.

दाखवणाऱ्याच्या पात्रतेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वर्ध्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने ऐंशीच्या दशकात ही मालिका पाहिली, याचा अर्थ त्याला ती कळली असा होत नाही. अँटेना कवेलूच्या छपरावर. एक जण वर चढून ती फिरवणार, दुसरा खिडकीत उभा राहून ‘आलं, आलं... गेलं’ म्हणणार, तिसरा पडद्यावरच्या मुंग्यांतून माणसे शोधणार. त्यातून जो संवाद निसटून कानावर पडे तो अमेरिकन इंग्रजीत. अशा वेळी प्रेक्षक कथा स्वतः रचत असे. उरलेली भोके भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नने आणि जयंत नारळीकरांच्या कथांनी बुजवली. परिणामी वर्ध्यात त्या काळी जी ‘स्टार ट्रेक’ पाहिली गेली ती मूळ मालिकेपेक्षा बरीच वेगळी आणि काही बाबतीत सरस होती. आबाजी नातवाला दाखवायला बसतात ती ही दुसरी. पडद्यावर लागते पहिली. दोन्हींची गाठ चाळीस वर्षांनी नातवासमक्ष पडते. ज्याला आजवर ते यानाचा खलनायक समजत होते तो यानाचा डॉक्टर निघतो, आणि हा धक्का त्यांना चेहरा न बदलता पचवावा लागतो.

स्थळ म्हणजे समोरची खोली. तिथे कूलर असतो, आणि कूलर ही या विधीतली सर्वांत मोठी तांत्रिक अडचण होय. कूलर चालू असेल तर संवाद ऐकू येत नाहीत. बंद केला तर ऐकायला कोणी उरत नाही. एंटरप्राइझच्या आत सतत एक मंद घरघर चालू असते. यान चालू आहे हे प्रेक्षकाला जाणवावे म्हणून ती ध्वनिपट्टीत मुद्दाम घातलेली आहे. वर्ध्याच्या मुलाला तिचे अप्रूप वाटत नाही. यानात कूलर आहे एवढाच निष्कर्ष ते काढते, आणि पाणी कोण भरते ते विचारते. लाईन जाणे हे दुसरे विघ्न. ती नेमकी यानाचा कॅप्टन कर्क संकटात असताना जाते आणि श्रेयनामावली संपत आल्यावर येते. मधल्या काळात पुढे काय झाले असेल हे आबाजींना तोंडी सांगावे लागते, आणि इथे त्यांची जुनी तालीम कामी येते. खाण्यासाठी वर्ध्यात गोरसपाक ठेवण्याची पद्धत आहे. गोरस भांडारातले हे बिस्कीट भुसभुशीत असते. एका भागात साधारण तीन जातात आणि त्यांचा चुरा रिमोटच्या बटणांत जातो.

पहिला भाग निवडताना प्रक्षेपणाचा क्रम पाळू नये. त्या क्रमाने पहिला लागतो ‘मॅन ट्रॅप’ आणि त्यात माणसाच्या अंगातले मीठ शोषून घेणारी एक हडळ आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून ‘डॉक्टर हू’ पाहणारी मुले सोफ्यामागे लपून पाहत, असे तिकडे कौतुकाने सांगतात. वर्ध्यात सोफा भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे मूल आजीच्या पदराआड जाते आणि प्रकरण तिसऱ्या पक्षाच्या हाती पडते. आजीचा उपाय ठरलेला : भेदरलेल्या मुलावरून मीठ-मोहऱ्या उतरवणे. इतर कोणत्याही भुताच्या बाबतीत तो लागू पडला असता. इथे मूल ओरडते, ‘मीठ नको ना फिरवू आजी, ते वासानं येईन!’ शास्त्रीयदृष्ट्या मुलाचे बरोबर असते. त्या रात्री भाजी अळणी मागितली जाते.

भाषांतर हे दाखवणाऱ्याचे मुख्य कर्तव्य. सहा वर्षांच्या मुलाला खालच्या पट्टीतली इंग्रजी अक्षरे लागत नाहीत. त्याचे ‘सी-ए-टी’ नुकतेच संपलेले असते. म्हणून आबाजी वाक्यामागून वाक्य मराठीत आणतात. सुरुवातीला ती नीट आणली जातात. पहिल्या दहा मिनिटांनंतर गाळणी बसते. यानावरचे स्पॉक, कर्क आणि डॉक्टर मॅकॉय तीन मिनिटे नीती, तर्क आणि मानवी भावना यांवर वाद घालतात. त्याचे वर्धा भाषांतर होते, ‘ते भांडून रायले.’ मूल विचारते, ‘काऊन?’ उत्तर येते, ‘तुले मोठा झाल्यावर समजन.’ गंमत अशी की मुलाला ते तिघांच्या चेहऱ्यांवरून आधीच समजलेले असते : एकाला राग लवकर येतो, एकाला येतच नाही आणि तिसऱ्याला दोघांचेही ऐकून घ्यावे लागते. मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरी याने तिघांची आखणी जवळपास तशीच केली होती.

मुलांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. यानावर हल्ला झाला की कॅमेरा तिरका होतो आणि सगळे नट एका बाजूला झोकांड्या खातात. मूल विचारते, ‘हे लोकं बेल्ट काऊन नाही लावत?’ तेविसाव्या शतकातल्या यानात खुर्चीला पट्टा का नसावा, याचे समाधानकारक उत्तर निर्मात्यांकडेही नव्हते. आबाजी हिंगणघाटच्या एसटीचा दाखला देतात. तिथेही नाही, आणि माणसे अशीच झोकांड्या खातात. हे उत्तर मुलाला पटते. दुसरा प्रश्न : यानात संडास कुठे आहे. एका जागेवरून गायब होऊन ग्रहावर प्रकट होण्याची युक्ती मुलाला आवडते. दर भागात यान उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते म्हणून ती काढली, हे सांगितल्यावर अधिकच आवडते, कारण घरात पैसे नाहीत म्हणून काही तरी वेगळे करावे लागते हे त्याला ऐकून माहीत असते. आपोआप सरकणाऱ्या दारांनी मात्र ते चकित होत नाही. ती दारे आड उभी राहिलेली माणसे दोरीने ओढत असत, हे कळल्यावर मग ते पुढचे दोन भाग कथा सोडून दाराच्या फटीत माणूस शोधते. कर्कचा झाकण उघडून बोलायचा फोन पाहून विचारणा होते, ‘यात गेम नाही?’ नसल्याचे कळते तेव्हा कर्कबद्दलचा आदर थोडा उतरतो.

लाल सदऱ्याचा नियम मूल तिसऱ्या-चौथ्या भागात स्वतःच शोधून काढते. ग्रहावर उतरलेल्या तुकडीत ज्याचे नाव माहीत नाही आणि ज्याच्या अंगात लाल सदरा आहे, तो परत येत नाही. शोध लागल्यावर मूल यान सुटायच्या आधीच ‘हा मरते’ असे जाहीर करू लागते. यानावरचेच उहुरा आणि स्कॉटी हेही लाल घालतात आणि जगतात, हा अपवाद समजावताना आबाजींची दमछाक होते. या ज्ञानाचा परिणाम घराबाहेरही दिसतो. जूनअखेर शाळा उघडते आणि मुलाला रेड हाऊस मिळते. टी-शर्ट घालायला ते साफ नकार देते. कारण वर्गशिक्षिकेला सांगता येत नाही.

आता त्या भागाबद्दल, ज्यासाठी वर्धा जिल्ह्यातल्या घरांनी हा विधी करावाच. ‘डेव्हिल इन द डार्क’, पहिले प्रक्षेपण ९ मार्च १९६७. एका खाणीच्या ग्रहावर कोणी तरी खाणकामगारांना जाळून मारते आहे. शोध घेता सापडते होर्टा, म्हणजे खडकातून वाट काढणारा, सिलिकॉनचा बनलेला जीव. तो खडबडीत, तपकिरी, गोधडीसारखा दिसतो, कारण आत यानोश प्रोहास्का नावाचा नट रांगतो आहे. मुले त्याचे गुडघे लगेच ओळखतात आणि तरीही घाबरतात, हे लहानपणाचे वैशिष्ट्य आहे. स्पॉक त्या जिवाच्या मनात मन घालतो तेव्हा कळते की ती आई आहे. खाणीत ढिगाने सापडणारे, कामगारांनी निरुपयोगी म्हणून फोडलेले गोल गोटे ही तिची अंडी आहेत.

वर्धा जिल्ह्यातल्या मुलाने असे गोटे पाहिलेले असतात. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि टेकडीवर गोल गोल खडे विखुरलेले आहेत. दंतकथा अशी की, व्यापाऱ्यांनी फरीदबाबांची थट्टा केली आणि बाबांनी त्यांच्याजवळच्या नारळांसह सगळ्या मालाचा दगड केला. भूशास्त्र म्हणते की लाव्ह्याच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे गोळे तयार होतात. खडक झिजतो, गोळे बाहेर पडतात. झिओलाइटमध्ये सिलिकॉन असते. इथपर्यंत आल्यावर दंतकथा, भूशास्त्र आणि रॉडनबेरी यांच्यात फारसे अंतर उरत नाही, आणि मुलाच्या लेखी तर काहीच उरत नाही. जिल्ह्यातल्या कित्येक घरांत दर्ग्याहून आणलेला एखादा खडा शोकेसमध्ये, काचेच्या हत्तीशेजारी ठेवलेला असतो. भाग संपताच मूल खुर्चीवर चढते, शोकेस उघडते, दोन्ही हातांनी तो खडा काढते, कानाशी धरते आणि मग अगदी सावकाश आजीच्या थंडीतल्या शालीत गुंडाळते. हे सगळे मे महिन्यात. कूलरची हवा त्यावर येऊ नये म्हणून शाल पलंगाखाली सरकवली जाते. आजी झाडताना तो खडा उचलून परत शोकेसमध्ये ठेवते. मूल पुन्हा काढते. चार-पाच दिवसांनी आजी झाडू त्याला वळसा घालून फिरवू लागते. यात तिचे काही जात नाही, आणि बाबांच्या टेकडीवरची वस्तू आहे, कोणी सांगावे.

याच भागात डॉक्टर मॅकॉय होर्टाची जखम बांधकामाच्या सिमेंटने भरतो. सेवाग्रामच्या दवाखान्यात टाके घातलेल्या मुलाला हा उपचार अनेक दृष्टींनी श्रेष्ठ वाटतो.

दुसरा हमखास भाग ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’, डिसेंबर १९६७ चा. मऊ, गुरगुरणारे लोकरीचे गोळे खातात आणि वाढतात, वाढतात आणि खातात. शेवटी धान्याच्या कोठाराचे झाकण उघडताच कर्क त्यांच्याखाली गाडला जातो. इथे तिसरा पक्ष प्रथमच कथेत रस घेतो. कोठीत कडुलिंबाचा पाला टाकला असता तर हे झालेच नसते, असे आजीचे म्हणणे असते. ते खोडून काढण्यासारखे काही मालिकेत सापडत नाही.

उहुराबद्दल सांगताना आबाजी सेवाग्राममार्गे जातात आणि ते अगदीच आडमार्गाने नव्हे. ही भूमिका करणारी निशेल निकल्स पहिल्या हंगामानंतर मालिका सोडणार होती. मार्टिन ल्यूथर किंग तिला भेटले आणि त्यांनी तिला सोडू नकोस म्हणून सांगितले, कारण काळी स्त्री यानाच्या सुकाणूकक्षात बरोबरीने बसलेली लोक प्रथमच पाहत होते. निकल्सने पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, किंग दांपत्य आपल्या लहान मुलांना रात्री जागून जी मालिका पाहू देत असे ती हीच. म्हणजे प्रस्तुत विधीचा सर्वांत नामवंत यजमान गांधींना मानणारा होता, आणि गांधी १९३६ पासून वर्ध्याहून आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामात राहत होते. ही साखळी आबाजी मोठ्या आवाजात, कूलरच्या वर, पूर्ण सांगतात. मूल विचारते, बापू टीव्ही पाहत होते काय. नव्हते, असे सांगितल्यावर ‘मंग?’ असा प्रश्न येतो. शाळेच्या सहलीत बापूकुटी पाहून आलेल्या मुलाचा पुढचा मुद्दा असा की, तिथल्या दारांना दोरी बांधली तर तीही सरकतील.

‘स्पेस सीड’ या भागात खान नूनियन सिंग नावाचा महाबली येतो. तो भारतातला, बहुधा शीख, आणि काम मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँतल्बानने केलेले. कथेप्रमाणे १९९२ ते १९९६ या काळात त्याचे पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागावर, आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत, एकछत्री राज्य होते. या वर्षांत वर्धा जिल्हा त्याच्या अमलाखाली असणार. आबाजींना त्या काळातले केबलचे जाळे आठवते, कापसाचे भाव आठवतात. सम्राट आठवत नाही. मूल याबद्दल त्यांना दोष देत नाही. आबाजींच्या काळात काहीही घडले असेल, असे त्याचे एकंदर धोरण असते.

मूल मालिकेतून काय उचलते, याचा अंदाज आधी बांधता येत नाही. स्पॉकचा बोटे फाकवून केलेला नमस्कार, जो लिओनार्ड निमॉयने लहानपणी सिनेगॉगमध्ये पाहिलेल्या आशीर्वादावरून घेतला, तो जमायला वेळ लागतो. उजव्या हाताची बोटे डाव्या हाताने धरून बसवावी लागतात आणि तोवर समोरचा पाहुणा निघून जातो. डबीचे झाकण उघडून यानाशी बोलणे मात्र लगेच जमते. आबाजींनी ज्यावर भर दिला ते, म्हणजे युद्धाऐवजी शोध, परक्यांशी सख्य, तर्काचे महत्त्व, यांपैकी काही मागे राहिले का हे तपासायची पद्धत नाही. शेजारच्या पोट्ट्याने गिरडचा खडा मागितला तेव्हा तो देण्यात आला नाही, एवढे नोंदवता येते.

शेवटचा प्रश्न तिसऱ्या हंगामाचा. जाणकार तो टाळावा असे सांगतात, विशेषतः २० सप्टेंबर १९६८ चा ‘स्पॉक्स ब्रेन’. त्यात परग्रहावरच्या बायका स्पॉकचा मेंदू चोरून नेतात आणि मागे उरलेला स्पॉक डोक्याला यंत्र लावून रिमोटने चालवला जातो. मालिकेचे निस्सीम चाहतेही या भागाचे नाव निघाले की विषय बदलतात. आबाजीही तो वगळतात. पण भागांची यादी पडद्यावर चित्रांसह दिसते, रिमोट मुलाच्या हाताला आलेला असतो, आणि रिमोटने चालणारा माणूस ही कल्पना सहाव्या वर्षी जी पोहोचते ती नंतर कधी पोहोचत नाही. मूल पोट धरून हसते. भाषांतर मागत नाही. भाग संपला की पुन्हा तोच लावते, पुन्हा तोच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला पुन्हा तोच. आबाजी कूलरमध्ये पाणी भरायला उठतात ते अंगणातच रेंगाळतात. ‘कॅप्टन व्योम’ पुढच्या उन्हाळ्यावर जाते.